रिकामें काडतूस आणि कातरलेलें दप्तर

जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहण्यास बाहेर पडलें म्हणजे रुमालांबरोबर अडकित्ते, दौती, मोडकीं कुलुपें, देवांचे टाक अशा नाना वस्तू पुढें येतात. संशोधक कागद तेवढे उचलतो; बाकीच्या वस्तू जेथल्या तेथें राहतात. आम्हीही आजवर तसेंच करीत आलों. परंतु घाटमाथ्यावरील एका घराण्याचें दप्तर तपासतांना जी एक शिसवी पेटी आमच्यापुढें आली, तिनें आमची ही संवय मोडली. आणि ज्या विषयाकडे आम्ही कधीं लक्ष दिलें नव्हतें त्याचा, म्हणजे बंदुकीचें काडतूस घरच्या घरीं भरण्याच्या हुन्नराचा, अभ्यास करणें आम्हांस भाग पडलें. मालकांच्या इच्छेवरून घराण्याचें व गांवाचें नांव येथें देत नाहीं.

पेटींत एक नाजूक तराजू आहे, पण वजनें नाहींत. दोन पाखांचा, बिजागरीनें मिटणारा एक लोखंडी साचा आहे. अडकित्त्याच्या घडणीचें, पण पात्याऐवजीं खांचा असलेलें एक हत्यार आहे. एक वाकड्या टोकाची आरी, काळवंडलेला मेणाचा गोळा, बाटलीसारखीं खांद्यावर निमुळतीं होत गेलेलीं चौदा पितळी नळकांडीं, एक आडवी वही आणि कागदाचे कातरलेले सदतीस तुकडे, इतकें सामान. भरलेलें काडतूस एकही नव्हतें, ही गोष्ट आरंभींच सांगितलेली बरी. दप्तराची यादी पूर्वीं कोणीं तरी केलेली आहे. तींत या पेटीपुढें "सोनारकामाचें सामान व वजनांची वही, चांभारी आरी १, फाटके कागद, निरुपयोगी" अशी नोंद आहे. आम्हींही प्रथम ही नोंद खरी धरून वही बाजूस सारली, हें कबूल केलें पाहिजे.

वहीच्या दर पानावर तीन रकाने आहेत. पहिल्यांत ८५ हा आंकडा पुनःपुन्हां येतो. मधूनच ८०, ७८, ८२ असे आंकडे दिसतात. दुसऱ्यांत बहुतेक सर्वत्र ४८०, क्वचित् ४७७ किंवा ४८३. तिसऱ्यांत 'उजवी', 'डावी', 'वर', 'खालीं' असे बालबोध लिपींतील शब्द. तिथि दिल्या आहेत, शक कोठेंच नाहीं. आतां आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हें ज्यास ठाऊक आहे, त्यास ही वही सोनाराची वाटूं नये. सोनार ८५ गुंजा असें कधीं लिहिणार नाहीं. तो १० मासे ५ गुंजा असें लिहील. ४८० गुंजांचे तर पुरे पांच तोळे होतात, त्यांचा आंकडा गुंजांत मांडण्याचें कारण काय? आणि सोनें उजवीकडे किंवा डावीकडे जातें तें कोठें?

आंकडे ग्रेनचे आहेत असें धरलें कीं सर्व उलगडा होतो. सरकारी तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे ४८० ग्रेनांचे २ तोळे ८ मासे झाले. ब्रिटिश सैन्यानें इ. स. १८७१ सालीं स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या काडतुसांत दारू ८५ ग्रेन व गोळी ४८० ग्रेन असे. पितळी नळकांड्यांच्या तळावर ५७७ आणि ४५० हे दोन आंकडे अद्याप वाचतां येतात, आणि ते त्याच काडतुसाचें नांव आहेत. तेव्हां तराजू दारूचा, साचा गोळीचा, आणि तिसऱ्या रकान्यांतील शब्द हे निशाणावर गोळी कोठें लागली याची टिपणें. सोनाराची म्हणून मानलेली वही ही आपलीं काडतुसें आपणच भरून तीं पारखून पाहणाऱ्या एका हौशी शिकाऱ्याची वही आहे.

हा हुन्नर विलायती खरा, पण त्यामागची रीत आपल्याकडे अपरिचित नव्हती. ठासणीच्या बंदुकीच्या काळीं प्रत्येक बंदूकवाला स्वतःचा बार स्वतःच तयार करी. शिंगड्यांतून मापानें दारू नळींत ओतावयाची, बोळा घालून गजानें ठासावयाची, गोळी सोडावयाची, कानाशीं बारीक रंजक घालावयाची आणि तोडा पेटवून चाप ओढावयाचा. दोन नळ्या क्वचितच एका मापाच्या असत. म्हणून गोळीचा साचा बंदुकीबरोबरच राही आणि शिसें वितळवून गोळ्या ओतणें हें घरगुती काम असे. दारू जपण्याचें ज्ञानही सर्वत्र होतें. गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू वेळोवेळीं बाहेर काढून तीस ऊन द्यावें, असें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत सांगितलें आहे. सारांश, बारांत काय आहे आणि किती आहे हें उडवणाऱ्यास पक्कें माहीत असे, कारण तें त्यानेंच घातलेलें असे.

काडतुसानें ही स्थिति पालटली. आपला 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला. पोर्तुगीज शब्दाच्या मागें इटालियन शब्द आहे, आणि त्याचें मूळ 'कार्ता' म्हणजे कागद हें आहे. काडतूस म्हणजे मूळ अर्थानें कागदाची पुडी. मोजलेली दारू व गोळी एका पुडींत बांधून शिपायाच्या कमरेस द्यावयाची, त्यानें ती दांतांनीं फाडून दारू नळींत ओतावयाची व कागदासुद्धां गोळी ठासावयाची, ही पद्धति यूरोपच्या फौजांत सतराव्या व अठराव्या शतकांत रूढ झाली. हजारों शिपायांना रोज पुड्या पुरवावयाच्या म्हणजे कागद किती लागे याची कल्पना करावी. आणि तो कोरा असण्याची कोणतीच गरज नव्हती. फ्रान्सच्या राज्यक्रांतींत जुन्या सरंजामी हक्कांचीं चर्मपत्रें निवडून तोफांच्या बारांच्या पिशव्यांसाठीं शस्त्रागारांत पाठविलीं गेलीं. अमेरिकेंत जर्मनटाउन येथें सौअर नांवाच्या मुद्रकानें इ. स. १७७६ सालीं छापलेल्या जर्मन बायबलाचे न बांधलेले ताव लढाईच्या धामधुमींत काडतुसांसाठीं गेले, असें ग्रंथसंग्राहक सांगत आले आहेत, आणि त्या आवृत्तीस ते 'बंदुकीच्या बोळ्याचें बायबल' असेंच म्हणतात. हस्तलिखितांचे शत्रु म्हणून वाळवी, पाणी आणि वाणी यांचीं नांवें आपण घेतों. त्यांत काडतुसाचें नांव घालावयास हरकत नाहीं.

कागदी काडतुसाची याहून मोठी कथा आपल्या देशांत घडली. एन्फील्ड बंदुकीची गोळी सर्पिल आटे असलेल्या नळींत सरकावी म्हणून तिच्या पुडीच्या टोंकास चरबी व मेण यांचें मिश्रण लावीत. ती चरबी कोणत्या जनावराची याची खबरदारी दारूगोळा-खात्यानें घेतलेली नव्हती. डमडम येथें उठलेली कुजबूज कॅप्टन राइट यानें २२ जानेवारी १८५७ रोजीं वरिष्ठांस कळविली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारनें हुकूम काढला कीं, काडतुसें कोरडींच द्यावीं व शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें. म्हणजे भरणीचा एक भाग पुन्हा शिपायाच्या हातीं दिला. पण एकदां विश्वास उडाल्यावर अर्धें काम परत देऊन भागत नाहीं. शंका आतां वंगणावरून कागदावर गेली. कागद चकाकतो, तेव्हां त्यांतच चरबी असली पाहिजे. २६ फेब्रुवारीस बऱ्हामपुरास एकोणिसाव्या पलटणीनें काडतुसें नाकारलीं. २४ एप्रिलला मीरत येथें तिसऱ्या रिसाल्याच्या नव्वदांपैकीं पंचायशीं स्वारांनीं तेंच केलें. आणि त्यांना दिलेलीं काडतुसें नव्या बंदुकीचीं नव्हतींच, तीं जुन्याच तऱ्हेचीं, चरबी न लावलेलीं होतीं. सत्तावन्नच्या कारणांची चर्चा येथें करावयाची नाहीं. तीं पुष्कळ व खोल होतीं. पण ज्या पुडींत काय आहे हें उघडून पाहतां येत नाहीं आणि जी दुसऱ्यानें बांधलेली आहे, ती दांतांनीं फोडावी लागणें, यांतील भय समजण्यास बारभरणीचा हा पूर्वेतिहास उपयोगी पडतो.

पुढील दहा वर्षांत पुडी कागदाची राहिली नाहीं. इ. स. १८६६ च्या सुमारास दोन मनुष्यांनीं, दोन देशांत, पितळी काडतुसाच्या बुडाशीं बसणारी स्फोटक टोपी सिद्ध केली : वूलिच येथील कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेचा हायरम बर्डन. बॉक्सरच्या टोपीच्या पोटांतच एक बारीक ऐरण असते, आणि तिच्यामागें काडतुसाच्या बुडास मधोमध एक भोंक असतें. बर्डनच्या पद्धतींत ऐरण काडतुसाच्या बुडांतूनच घडविलेली, आणि तिच्या बाजूंस दोन बारीक भोंकें. फरक दिसण्यांत क्षुल्लक आहे, पण घरीं भरणाऱ्याच्या दृष्टीनें सर्व कांहीं त्यांतच आलें. बॉक्सरचें काडतूस असेल तर तोंडांतून एक सरळ सळई घालून ठोकली कीं उडालेली टोपी निघून येते. बर्डनचें असेल तर ऐरण आड येते. टोपी बाहेरून उचकटून काढावी लागते. गंमत अशी कीं, इंग्रजाची टोपी अमेरिकेनें उचलली आणि अमेरिकनाची टोपी यूरोपनें. त्यामुळें घरीं काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेंत फोफावला व यूरोपांत त्या मानानें मागें राहिला, त्याचें एक कारण हें भोंकच होय.

आमच्या पेटींतील नळकांड्यांस बुडाशीं दोन भोंकें आहेत. म्हणजे वाकड्या टोकाची ती आरी चांभाराची नसून टोप्या उचकटण्याची आहे, आणि बुडावरचे ओरखडे तिचेच. एका नळकांड्याची ऐरण या खटाटोपांत तुटलेली दिसते. हा मनुष्य मार्ग बिकट असूनही चालत राहिला होता, एवढें त्यावरून नक्की कळतें.

घरगुती भरणी शक्य कां होते हें आतां थोडक्यांत सांगूं. कागदी पुडी उडाल्यावर जळते. पितळ जळत नाहीं. दाबानें फुगून नळीच्या कोठीस घट्ट बसतें, वायूला मागें येऊं देत नाहीं, आणि क्षणार्धांत किंचित् आंत येऊन सुटें होतें. काडतुसाच्या चार अंगांपैकीं टोपी, दारू आणि गोळी हीं तीन खर्च होतात. चौथें, आणि घडविण्यास सर्वांत अवघड असें अंग, हातीं परत येतें. नवशिक्यानें करावयाचें काम म्हणजे त्या परत आलेल्या पितळाची पारख. तोंडाशीं चीर आहे काय? बुडाच्या जरा वर उजळ कडें दिसतें काय? दिसल्यास तेथें आंतून पितळ झिजलें आहे व पुढच्या बारास तें तुटेल. असें नळकांडें टाकून द्यावें. चांगलीं राहिलेलीं पुसून, वंगण लावून पोलादी साच्यांत दाबून मूळ मापास आणावयाचीं. वारंवार ताणलेलें पितळ कडक होतें, म्हणून मान तेवढी तापवून नरम करतात. बूड मात्र कधीं तापवीत नाहींत, कारण दाबाचा सर्व भार तेंच सोसतें. नंतर नवी टोपी, तोललेली दारू, आणि शेवटीं गोळी. मेजावर एका वेळीं एकच दारू असावी, भरलेलें व रिकामें वेगळें ठेवावें, आणि प्रथम छापील कोष्टकांतील कमींत कमी प्रमाण घेऊन मग हळूहळू वर जावें, हे नियम त्या विषयाच्या सर्व ग्रंथांत सांपडतात. त्यांत नवें असें फारसें नाहीं. नवी आहे ती त्यांमागील काटेकोर नोंद.

या विद्येचें खरें माहेर अमेरिका. इ. स. १८७० नंतरच्या दशकांत तिकडील गवताळ मैदानांत रानरेड्यांची जी भयंकर कत्तल झाली, तींतील शिकारी दारूचीं पिंपें व शिशाच्या कांबी गाड्यांत घालून हिंडत आणि रात्रीं शेकोटीपाशीं दिवसाचीं रिकामीं काडतुसें पुन्हा भरीत. तयार काडतूस महाग, आणि दुकान शेंकडों मैल दूर. तेथील सैन्याच्या बंदुकीच्या काडतुसाचें नांवच भरणीचें माप सांगतें : ४५-७०-४०५, म्हणजे ०.४५ इंच व्यास, ७० ग्रेन दारू, ४०५ ग्रेन म्हणजे बरोबर सव्वा दोन तोळे शिसें. इ. स. १८८० नंतर तेथील सरकारनेंच नेमबाजीच्या सरावासाठीं पलटणींस भरणीचीं हत्यारें दिलीं. एका सरकारानें आपल्या शिपायास बार भरावयास शिकवावें, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या सरकारचें राज्य बाराच्या पुडीवरून हादरावें, हा विरोध आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

इ. स. १८८४ सालीं जॉन बार्लो यानें न्यू हेवन येथें 'आयडियल' नांवाचा कारखाना काढला. त्याचें हत्यार अडकित्त्याच्या घडणीचें असून टोपी काढणें, बसविणें, गोळी दाबणें आणि कांहीं तऱ्हांत गोळी ओतणेंसुद्धां तें एकटेंच करी. पेटींतील हत्यार त्याच जातीचें आहे. तें त्याच कारखान्याचें आहे असें म्हणण्यास मात्र आधार नाहीं, कारण त्यावर छाप नाहीं. बार्लोनें हत्यारांबरोबर एक पुस्तिका काढली आणि तींत प्रमाणांचीं कोष्टकें दिलीं. हा कारखाना पुढें हात बदलत इ. स. १९२५ सालीं लायमन यांच्याकडे गेला. दरम्यान मिलफर्ड येथील डॉक्टर फ्रँकलिन मॅन यानें, गोळी सरळ कां जात नाहीं या एकाच प्रश्नाचा ध्यास घेऊन, हजारों बार स्वतः भरून उडविले व इ. स. १९०९ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्यकी बाजूस ठेवून हा मनुष्य सिमेंटच्या चौथऱ्यावर नळी आवळून बसे, आणि प्रत्येक गोळीचा हिशेब लिही. आमच्या वहींतील 'उजवी, डावी' वाचतांना आम्हांस त्याची आठवण झाली. प्रमाण कितीही लहान असो, जिज्ञासा एकाच जातीची आहे. मॅटर्न (१९२६) आणि शार्प (१९३७) यांचे ग्रंथ त्यानंतरचे. दुसऱ्या महायुद्धांत बाजारचीं काडतुसें मिळेनाशीं झालीं तेव्हां हा छंद घरोघर गेला. कॅलिफोर्नियांतील फ्रेड हंटिंग्टन यानें इ. स. १९४३ सालीं, लहान बंदुकीच्या उडालेल्या पुंगळ्यांपासून गोळ्यांचीं कवचें बनविण्याचे साचे काढले. युद्धानंतर ब्रूस हॉजडन यानें सैन्याची उरलेली दारू विकत घेऊन ती हौशी लोकांस पुरविली.

मध्यंतरीं दारूच बदलली होती, आणि संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट हीच. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू मापांत थोडी चुकली तरी सहसा क्षमा करी. इ. स. १८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएल यानें सिद्ध केलेली धूररहित दारू तशी नाहीं. काळ्या दारूच्या मापानें ती भरून अनेकांनीं बंदुका फोडल्या. इंग्रजांनीं .३०३ काडतुसांत कॉर्डाइट नांवाची दोऱ्यांसारखी दारू घातली. तिची जुडी आंत बसवून मग काडतुसाची मान आवळीत असत, त्यामुळें तें काडतूस घरीं तशाच दारूनें पुन्हा भरणें जवळजवळ अशक्य झालें. जुन्या टोप्यांतील पाऱ्याचा क्षारही काळ्या दारूच्या काजळींत विरून जाई. धूररहित दारूंत तो सरळ पितळांत शिरून त्यास ठिसूळ करूं लागला. म्हणून जुन्या पेट्यांत कोठें भरलेलें काडतूस किंवा दारूची डबी सांपडली, तर ती काळी कीं कोणती हें अदमासानें ठरवूं नये. उघडूं नये, ठोकूं नये. जाणत्या माणसास दाखवावी.

आतां स्वदेशाकडे वळूं. इ. स. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें दारूगोळा या शब्दांत टोप्या, काडतुसांचे सर्व भाग आणि तीं तयार करण्याचीं यंत्रें हीं सर्व आणलीं, पण शिसें, गंधक व सोरा हीं वगळलीं. कायदा करणाऱ्यास पुरें कळत होतें कीं, गोळी व काळी दारू खेड्यांतही होईल. टोपी मात्र कारखान्यांतूनच येणार, तेव्हां दोरी तिच्या गळ्यांत बांधावी. तरीही धास्ती गेली नाहीं. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांत रिकामीं पितळें वेंचून पुन्हा भरण्याचा हुन्नर होता. दरा आदमखेलचे कारागीर तर बंदूकसुद्धां बनवीत. इ. स. १९०७ च्या सुमारास ०.४५० इंची शिकारी बंदुकांस व काडतुसांस हिंदुस्थानांत मनाई झाली. शिकारी काडतुसांतील गोळ्या काढून मार्टिनी-हेन्रीच्या पितळांत भरतां येतील, हें तिचें कारण सांगतात. विलायतेच्या बंदूकवाल्यांनीं मग ०.४७० वगैरे नवीं मापें काढलीं, आणि हत्ती-वाघांच्या शिकारीचीं पुढील बहुतेक प्रसिद्ध काडतुसें या मनाईच्या पोटीं जन्मलीं. एक रिकामी पुंगळी आणि एक चिमटा यांची सरकारास एवढी भीति वाटावी, यावरून या घरगुती विद्येचें वजन कळावें. इ. स. १९५९ च्या कायद्यानेंही काडतुसांचे भाग व तीं बनविण्याचीं यंत्रें दारूगोळ्यांत धरलीं आहेत, आणि परवान्यावांचून तीं बनवितां येत नाहींत. म्हणून अशी पेटी संग्रहांत घेणाऱ्यानें प्रथम कायद्याची विचारपूस करावी. आम्ही ती मालकांस करावयास लावली.

या मनाईमुळें आमच्या वहीच्या काळास एक मर्यादा मिळते. नळकांडीं एकसंध ओढीव पितळाचीं आहेत. मार्टिनी-हेन्रीचीं पहिलीं सरकारी काडतुसें पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलीं असत व तीं पुन्हा भरण्याच्या कामाचीं नव्हतीं. सैन्यांत ओढीव पितळ १८८५ च्या आगेमागें आलें. तेव्हां वही ढोबळ मानानें १८८० ते १९०७ यांमधली धरावी. तिथींवरून याहून निश्चित ठरवितां येईल, अशी आमची आशा होती. पण तिथींबरोबर वार दिलेले नाहींत.

राहिले ते 'फाटके कागद, निरुपयोगी'. मार्टिनी-हेन्रीची गोळी नळीच्या व्यासाहून किंचित् बारीक ओतून तिच्याभोंवतीं पातळ, चिवट कागदाचे दोन वेढे देत, आणि त्या कागदानें गोळी पुरी करीत. शिसें नळीस न लागतां कागदच आट्यांत बसतो व तोंडाबाहेर पडतांच फाटून गळतो. गोळी व दारू यांमध्यें मेणाची चकती असे. पेटींतील मेणाचा गोळा त्यासाठीं. (सरकारी काडतुसांतही मेणच असे, तेव्हां येथें चरबी नाहीं म्हणून कोणीं धर्मभावनेचा तर्क बांधूं नये.) वेढ्याचे सांधे एकावर एक येऊं नयेत म्हणून कागद तिरक्या कडांचा कापतात. आमचे सदतीसही तुकडे एकाच मापाचे आणि तिरक्या कडांचे आहेत. आणि ते कोरे नाहींत. जुन्या हातकागदाइतका पातळ आणि चिवट कागद त्या शिकाऱ्यास बाजारांत मिळाला नसावा. घरांत दप्तर होतें.

तुकड्यांवर मोडी आहे. तिरक्या कापामुळें ओळी तुटल्या आहेत, परंतु कागदाच्या जाळीच्या रेघा व शाईची छटा यांवरून आम्हांस त्यांपैकीं अकरा तुकडे जोडतां आले. एका गांवच्या बलुत्यांच्या वाटपाच्या यादीचा तो मधला भाग आहे. महार, सुतार, परीट एवढे तीन शब्द सलग लागतात; चौथ्या बलुत्याच्या नांवाचें पहिलें अक्षर तेवढें आहे. गांवाचें नांव व सालाचा मथळा ज्या बंदावर असेल, त्याचा एकही तुकडा पेटींत नाहीं. घराण्याच्या रुमालांत त्याच हाताचे आणखी चार बंद आम्हांस मिळाले, आणि ते याच यादीचे असावेत. ते पुढें स्वतंत्रपणें छापण्याचा विचार आहे.

यादींतील जुनी नोंद मालकांच्या संमतीनें आम्ही बदलून दिली. वहींत एकूण बारांचा आंकडा मोजला, तो २१४ भरला. दर बारास एक तुकडा. मथळ्याचा बंद या घराच्या मागल्या टेंकडीवर, वाऱ्याच्या दिशेनें, कोठें तरी गळाला.